गोदामवस्तीचा संध्याकाळचा दवाखाना

१२ मार्च, बुधवार

पुण्याहून राजवर्धनचा फोन. हा ट्रस्टचा माणूस. आमचा दवाखाना त्यांच्या निधीवर चालतो, आणि तो पुढच्या वर्षी द्यायचा की नाही हे जूनमध्ये हाच वरिष्ठांना सांगणार. वय माझ्या शेवटच्या बॅचच्या पोरांएवढं. म्हणाला, "मॅडम, तुमचं काम चांगलं आहे, पण दिसत नाही. व्हिजिबिलिटी वाढवा. लोकांना कळू द्या."

लोकांना कळू देण्याचाच धंदा मी आयुष्यभर केला. कराडच्या कॉलेजात इतिहास शिकवला आणि सुट्टीच्या दिवशी साताऱ्यापासून जतपर्यंत मिळेल त्या ओट्यावर उभी राहून बोलले. धरणग्रस्त, हमाल, ऊसतोडीच्या बायका, कोणासाठी बोलायचं बाकी ठेवलं नाही. आता म्हातारपणी हा मुलगा मला सांगतो, दिसत नाही.

पण राग तरी किती करायचा? रागालाही ताकद लागते. आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. गोदामवस्तीतल्या बायका मार्केट यार्डामागच्या गोदामांत दिवसभर बेदाणा निवडतात. सिव्हिल हॉस्पिटलला जायचं तर दिवसाचा रोज बुडतो, म्हणून खोकला अंगावर काढतात. काढता काढता एक दिवस रक्त पडतं. याचसाठी हा संध्याकाळचा दवाखाना काढला. दोन खोल्या, आठवड्यातून तीनदा डॉक्टर, आणि रोज अंकिता, आमची नर्स. टीबीच्या गोळ्या सरकारच्याच, फुकट. आपण फक्त त्या बायांच्या वेळेला दार उघडं ठेवतो. तरी येणाऱ्या मोजक्याच. येतात त्याही तोंडावर पदर ओढून, मागच्या बोळातून.

तो पदर मला छळतो. चोरी केली आहे का त्यांनी? रोगापेक्षा रोगाची लपवाछपवी जास्त माणसं मारते. वाक्य चांगलं आहे. २४ तारखेला क्षयरोग दिन आहे, तेव्हा वापरीन.

१९ मार्च

औषध पूर्ण करून बऱ्या झालेल्या तीन बायकांचा जाहीर सत्कार करायचा ठरवलं. सत्कार काय फक्त आमदारांचे आणि दहावीच्या पोरांचेच व्हायचे? तिघींना फेटे, शाल-श्रीफळ, आणि यार्डाच्या चौकात मोठा फ्लेक्स: "क्षयरोगावर मात करणाऱ्या रणरागिणींचे हार्दिक अभिनंदन."

आज फोटोसाठी फेटेवाला बोलावला होता. तिघींत धोंडुबाई धीट. जतकडची, धनगराची. नवरा कोंडीबा भावाची मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला. घरी ही आणि लेक प्रांजल, दोघी एकाच गोदामात बेदाण्याला. फेटा चढला तशी आरशात बघून म्हणाली, "आगं बया! ही तर पाटलीन दिसाय लागली."

"मावशी, हसू नका, फोटो हलतोय," अंकिता म्हणाली.

"आगं, माझ्या लग्नात बी कुनी फोटू काढला न्हवता. हसू नको तर काय रडू?"

मग फेटा चाचपत म्हणाली, "बाई, ह्यो फोटू कुठं लावनार म्हनला?"

"चौकात. सगळ्यांना दिसेल असा."

"म्हंजी मुकादमाला बी दिसंल."

"दिसू दे! तू बरी झालीस, धोंडुबाई. लाज त्या रोगाला वाटू दे. मान वर कर!" पुढेही बरंच बोलले. खोलीतल्या सगळ्या ऐकत उभ्या राहिल्या. शेवटी ती म्हणाली, "तुमी म्हनताय तर बरं."

नीट समजावून सांगितलं की माणूस तयार होतो. माझी सगळी हयात या एका श्रद्धेवर गेली.

२४ मार्च, सोमवार

थकले आहे, पण झोप येणार नाही. चौक भरला होता.

फ्लेक्स अपेक्षेपेक्षा मोठा झाला. तिघींचे फेट्यातले चेहरे, खाली नावं, आणि कोपऱ्यात माझाही फोटो: "संकल्पना – प्रा. विजयमाला जगदाळे." मी सांगितला नव्हता. फ्लेक्सवाला म्हणाला, "म्याडमचा फोटो नसंल तर फ्लेक्स बगनार कोन?" काढायला सांगणार होते, पण वेळ नव्हता.

अर्धा तास बोलले. फार दिवसांनी आवाज असा लागला. गोदामाचा मुकादमही आला होता, गुंडा नाव त्याचं. हाताची घडी घालून तो कितीतरी वेळ फ्लेक्सकडे बघत उभा होता. त्याच्या मनावरही परिणाम झाला असावा.

प्रांजल मात्र टाळ्या वाजवत नव्हती. मागे, स्कार्फ नाकापर्यंत ओढून उभी. खोकत होती. विचारलं तर म्हणाली, "बेदान्याला गंधकाची धुरी देत्यात न्हवं, त्येचा ठसका हाय." आईच्या दुखण्यात तिचाही एक्सरे काढला होता, तो स्वच्छ होता. आईचा सत्कार होताना पोरीनं असं तोंड झाकून उभं राहावं, याचं वाईट वाटलं. नव्या पिढीत धीटपणा कमी.

३ एप्रिल

दवाखाना रिकामा. कालही, परवाही. गोळ्या चालू असलेल्यासुद्धा आल्या नाहीत.

पाडवा झाला. आता गावोगावच्या जत्रा आहेत, बायका गावी गेल्या असणार. अंकिताला तसं म्हटलं. ती रक्तदाबाच्या यंत्राची पट्टी गुंडाळत होती. म्हणाली, "मॅडम, फ्लेक्स काढूया का आता?"

"का? कार्यक्रम संपला म्हणून विचार शिळा झाला का?"

तिनं पट्टी कपाटात ठेवली. मुलगी कामाला चांगली आहे, पण तिला सामाजिक दृष्टी नाही.

१० एप्रिल

आज खूप दिवसांनी लढल्यासारखं वाटलं.

भाजी मंडईत धोंडुबाई भेटली. गुंडानं तिला कामावरून बंद केलं आहे, पाडव्यापासूनच. मला सांगायला आली नाही. मी विचारलं तेव्हा कळलं. "जाऊ द्या, बाई. प्रांजल जाती की अजून कामाला," असं म्हणत होती. असं कसं जाऊ द्यायचं? तशीच गोदामात गेले. ती मागून "बाई, नका, बाई, नका" करत यार्डाच्या फाटकापर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली.

गुंडा उद्धट नाही, हेच जास्त चीड आणणारं. खुर्ची दिली, चहा सांगितला. "म्याडम, बेदाना खायची वस्तू हाय. गिऱ्हाईक चौकातनंच येतंय. वर बगितलं की धोंडी, खाली बगितलं की धोंडी. मला तिच्याशी काय वैर हाय का? आता शेठ इचारतोय, ह्यातल्या अजून कोन कोन हाईत?"

चहाला हात न लावता उठले आणि जिथं बायका ट्रे घेऊन ओळीनं बसल्या होत्या तिथं जाऊन उभी राहिले. म्हटलं, "होय, आहेत! या ओळींत बसूनच कित्येक जणी औषध घेत आहेत, बऱ्या होत आहेत. त्यांच्या हातचा बेदाणा खाऊन कोण मेलं? सांगा तुमच्या शेठला!" औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत लागण कशी थांबते, तेही सांगितलं. सगळं गोदाम चिडीचूप झालं. कित्येकींनी माना खाली घातल्या. डोळ्यांत पाणी आलं असावं.

१६ एप्रिल

जयंतीच्या व्याख्यानासाठी कराडला गेले होते. सभेआधीच चक्कर आली. आयोजकांना पाय मुरगळलाय म्हणून सांगितलं आणि खुर्चीत बसून बोलले.

परत आले तर इथं ही बातमी. गुंडानं गोदामवस्तीची एकही बाई कामावर घ्यायची नाही असं ठरवलं आहे. कोणाला आहे आणि कोणाला नाही हे तपासत कोण बसणार? म्हणून सगळ्याच बंद.

मोर्चा काढायचा ठरवलं. संध्याकाळी दवाखान्यात बैठक लावली. सतरंजी अंथरली. शेवटपर्यंत त्यावर मी आणि अंकिता.

खरं लिहायचं तर आज मला त्या बायकांचा राग आला. ज्यांच्यासाठी घसा फोडायचा त्यांनी दाराची कडी लावून आत बसायचं! वाचलेली सगळी पुस्तकं म्हणतात की अन्याय कळला की माणूस उठतो. कधी उठतो, किती वेळानं उठतो, हे कोणत्याच पुस्तकात नाही.

२९ एप्रिल

ऊन फार. पाय सुजतात.

स्टँडसमोर प्रांजल दिसली. मला बघून तोंड फिरवत होती, मीच हाक मारली. वाळली आहे. हल्ली पहाटेच्या टेम्पोनं तासगावच्या बाजूला बेदाण्याला जाते. "तितं मी गोदामवस्तीची न्हाई, हरिपूरची हाय," म्हणाली. आपला पत्ता खोटा सांगावा लागतो, यासारखी गुलामी नाही, असं मी म्हटलं. तिला ठसका लागला, म्हणून वाद वाढवला नाही. तिथंही गंधक असणारच. टेम्पो आला, ती पळत गेली. चढल्यावर मात्र फळीला धरून कितीतरी वेळ वाकून उभी होती.

३ मे

काही नाही. दवाखान्यात बसून आले.

८ मे, गुरुवार

दुपारी दारावर थाप. धोंडुबाई. विश्रामबागेतल्या या घरी ती पहिल्यांदाच आली. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"प्रांजलच्या थुंकीतनं रगत पडलंय."

मी ताडकन उठले. "कधीपासून? चल, गाडी काढते. डॉक्टरांना आत्ता दवाखान्यात बोलावते..."

"बसा तुमी."

या आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी बसले.

"तुमच्या दवाखान्यात ती पाय ठेवनार न्हाई. आन मी बी तिला ठेव म्हननार न्हाई."

"अगं, पोर जाईल हातची!"

"मला ठावं न्हाई व्हय? त्याच दुखन्यातनं उठलीय मी. पर आज तिच्या एकटीच्या हातावर घर हाय. तुमच्या दारात तिला कुनी बगितलं की त्ये बी काम गेलं. माझं गेलं तसं."

"तो गुंडा..."

"गुंड्याला कशाला नावं ठेवताय? पयलं दीड म्हैना मी घरी बसले. मंग गोळ्या खात खात त्याच्याच म्होरं बेदाना निवडला. त्येला ठावं असंल, नसंल, त्येनं कदी इचारलं न्हाई. आमी बी कदी सांगितलं न्हाई. चाललं व्हतं. फ्लेक्स लागला आन शेठनं इचारलं. मंग त्यो तरी काय करंल?"

मी म्हटलं, "पण लपवून किती दिवस चालणार, धोंडुबाई? कधीतरी कोणीतरी उघडपणे..."

"मंग तुमी व्हा की उघड. तुमास्नी काय झालंय?"

मला काही झालेलं नाही. रक्तदाब आहे, तो मी कोणाला सांगत नाही. सांगितला तर व्याख्यानाला कोण बोलावणार?

हे मी तिला म्हटलं नाही. ती पदरानं मान पुसत होती. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "तुमचं बोलनं लय भारी असतंय, बाई. अंगावर काटा येतोय. पर बोलून झालं की तुमी हितं घरला येताय. आमी तितंच ऱ्हातोय."

गाडीची किल्ली हातातच होती. तिनं ती बघितली. "तुमी नका येऊ. तुमची गाडी बोळात शिरली की समद्यास्नी कळतंय कुनाच्या घरात खोकला हाय."

"मग काय करू मी? सांग ना."

"हितं धाडते तिला. कुनी इचारलं तर म्हनंल, बाईकडं धुनंभांडी धरल्यात. त्येला कोन काय म्हनतंय?"

ती गेल्यावर फ्लेक्स उतरवायला चौकात गेले. तिथं कोणा युवा नेत्याच्या वाढदिवसाचा चढला होता. आमच्या तिघी त्याच्याखालीच असणार.

मी त्यांना नीट विचारलं होतं का? "तुमी म्हनताय तर बरं" हे होय असतं का? चाळीस वर्षं समोरून हेच ऐकत आले असेन तर?

१३ मे

तपासणीत टीबीच निघाला. अंकितानं थुंकीचा नमुना स्वतः मिरजेला पोचवला. डॉक्टर परवा माझ्या घरी "चहाला" आले आणि गोळ्या सुरू झाल्या. सरकारी नोंदीत पत्ता माझा. बाल्कनीत हवेशीर बसून ती गोळ्या घेते, अंकिता येता-जाता वजन बघून जाते.

मी जन्मात कामवाली ठेवलेली नाही. आपली उष्टी भांडी दुसऱ्या बाईनं का घासायची, यावर माझं पाऊण तासाचं व्याख्यान आहे. साताऱ्यात त्याला विशेष दाद मिळाली होती. आज जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "ठेवलीत बाई शेवटी! बरं केलंत. तत्त्वं काय, हातपाय चालतात तोवर."

"हो, ठेवली," म्हटलं.

डॉक्टरांनी तिला गोदामाचं काम काही आठवडे बंद म्हणून सांगितलं. मी म्हटलं, पगार मी देते, तू फक्त येऊन गोळ्या घे आणि बस. प्रांजल उसळली. "बसून पैसं घ्यायला आमी भिकारी न्हाई." शेवटी अंगात बळ असेल तेवढं फरशी पुसायचं, यावर तडजोड झाली. ती फडकं फिरवते आणि मी पेपर तोंडासमोर धरून बसते. अक्षर दिसत नाही.

२६ मे

गोळ्यांनी तिला उलट्या होतात. आज म्हणाली, "बंद करू का?" माझ्या ओठांवर जागतिक आकडेवारी आली होती. ती गिळली आणि विचारलं, "काय खाल्लं होतंस आधी?" काही नाही. उपाशीपोटी येते. उद्यापासून आधी भाकरी.

दवाखान्यात अजूनही शुकशुकाट. राजवर्धन पुढच्या आठवड्यात येणार.

५ जून, गुरुवार

राजवर्धन आला. आधी दवाखान्यात गेला. तिथं अंकिता आणि रिकामी बाकं. तिथून दहाच्या सुमाराला माझ्याकडे. प्रांजल गोळ्या घेऊन भाकरी खात बसली होती. बेल वाजली तशी ताट सरकवून तिनं बादली ओढली, स्कार्फ वर केला.

तो सोफ्यावर बसला, लॅपटॉप उघडला. "मॅडम, तुमच्याबद्दल मला आदर आहे. लहानपणी लोणंदला तुमचं भाषण ऐकलंय मी, बाबांच्या खांद्यावर बसून. पण वर काय सांगू? रिकाम्या बाकांचा फोटो पाठवू?"

"पेशंट आहेत," मी म्हटलं.

"कुठे आहेत?"

ओलं फडकं सोफ्यापर्यंत आलं होतं. "सायेब, जरा पाय वर घ्या."

त्यानं पाय वर घेतले. बोलणं थांबलं नाही. "मॅडम, एक द्या. एकच बाई. दोन मिनिटांचा व्हिडिओ. नाव हवं, चेहरा हवा, आणि तिनं सांगायचं की या दवाखान्यानं माझा जीव वाचवला. एवढ्यावर मी पुढचं वर्ष मिळवून देतो. शब्द देतो माझा."

मुलगा खोटं बोलत नव्हता. त्यानं मिळवून दिलंच असतं.

फडकं थांबलं. प्रांजल आमच्याकडे पाठ करून उकिडवी बसली होती. हात बादलीत होता, तो ती बाहेर काढत नव्हती.

माझ्या घशात अख्खं भाषण तयार होतं. सुरुवात, मध्य, टाळीची जागा. ही बघ, म्हणायचं, ही! हिच्यासाठी तू पाय वर घेतलेस! कोणतंही सभागृह उभं राहिलं असतं.

"नाही," म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"चेहरा मिळणार नाही."

तो थांबला. यापुढे माझं काहीतरी येईल म्हणून वाट बघत राहिला. माझ्या बाबतीत सगळेच बघतात. काही आलं नाही. मग त्यानं लॅपटॉप मिटला. चहा पूर्ण प्यायला, माझ्या पायाला हात लावला, आणि दारातून म्हणाला, "मॅडम, तुम्ही थकलात."

खरं आहे.

अंकिताला फोन केला. जूनअखेर दवाखान्याला कुलूप. ती म्हणाली, "सिव्हिलला कंत्राटी जागा निघाल्यात, बघते." आणि मग, "प्रांजलनं आजच्या घेतल्या का?" घेतल्या म्हटलं.

वर्षभराची धडपड, आणि शेवट कुलूप. मिळालेला निधी राखता आला नाही. ज्या कामासाठी आवाज होता तेच आवाजानं बिघडलं. यापुढे काय करायचं मला खरोखर कळत नाही.

प्रांजल बादली मोरीत ओतून आली. ताट पुन्हा पुढ्यात घेतलं. "त्यो काय मागत व्हता?"

"एक बाई."

"त्येला कशाला पायजे?" भाकरीचा तुकडा मोडून म्हणाली, "पाय मातर झटक्यात उचललं त्येनं. न्हाईतर लोकं उचलत न्हाईत. त्येंच्या बुटावरनंच पुसाय लागतंय."

मला हसू आलं. ती हसली नाही. जरा वेळानं म्हणाली, "बाई, एक इचारू? आमच्या शेजारची रंगुबाई हाय. तिच्या गोळ्या मदीच तुटल्यात, फ्लेक्स लागल्यापासनं. परत खोकाय लागलीय. तिला घिऊन येऊ का? ती म्हनंल, बाईकडं कापडं धुवाय जाते."

दोन खोल्यांच्या घरात एकट्या म्हातारीला फरशीला एक आणि धुण्याला एक! खालच्या काकू जिन्यात अडवणार. गुडघे गेले म्हणून सांगेन. ते खोटंही नाही.

"उद्याच आण," म्हटलं. "आणि उपाशी नको आणूस."